राउटरवर ३३८९ उघडू नका: महाप्याचं लिनक्स मशीन घरून कसं वापरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. महापे एमआयडीसीतल्या कंपनीत तुमचं उबंटू २४.०४ चं वर्कस्टेशन आहे. त्यावर ओपनफोमचे (द्रव-वायूंच्या प्रवाहाची गणितं सोडवणारा प्रोग्राम) रन रात्रभर चालतात आणि सकाळी पॅराव्ह्यूमध्ये (निकाल त्रिमितीय चित्रात दाखवणारा प्रोग्राम) निकाल पाहायचे असतात. तुम्ही राहता कासारवडवलीला. पावसात घोडबंदर रोड तुंबला की ठाणे स्टेशन गाठून घणसोलीला उतरेपर्यंत अर्धा दिवस जातो, म्हणून घरच्या विंडोज लॅपटॉपवर ऑफिसच्या मशीनचा पूर्ण डेस्कटॉप हवा आहे. ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारे म्हणाले, "राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून देतो, घरून रिमोट डेस्कटॉप लावा." पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा क्रमांक; ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे आरडीपीचा. तर हे करावं का, की दूरचा पडदा दाखवणारी दुसरी पद्धत, व्हीएनसी, बरी पडेल?

३३८९ उघडू नका. व्हीएनसीचं ५९०० किंवा ५९०१ सुद्धा उघडू नका. व्हीएनसी घ्यायचं की आरडीपी, हे मागाहून पाच मिनिटांत ठरवता येतं. आधी ठरवायचं ते हे, की डेस्कटॉप देणारा प्रोग्राम बाहेरच्या कोणाचीही हाक ऐकणार नाही, फक्त त्याच मशीनच्या आतून आलेली ऐकेल. बाहेरून आत यायला दार एकच ठेवायचं, एसएसएचचं (दूरच्या मशीनमध्ये कूटबद्ध जोडणीने शिरायची सोय), आणि ते पासवर्डने उघडणारं नको, किल्लीने उघडणारं हवं.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी रबाळ्याच्या एका छोट्या डिझाइन ऑफिसातून सकाळी साडेनऊला फोन आला. अकाउंट्स पाहणाऱ्या ताई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "दादा, माउस आपोआप फिरतोय." त्यांनी दोन्ही हात टेबलावरून उचलले होते आणि पडद्यावरचा बाण सरकत जाऊन ब्राउझर उघडत होता. मी फोनवरच त्यांना नेटवर्कची केबल उपटायला सांगितलं आणि ठाण्याहून वाशी लोकल पकडली. जाऊन पाहतो तर राउटरवर ५९०० थेट त्या मशीनकडे वळवलेला. मालकांचा मात्र पासवर्डवर पूर्ण भरवसा होता, कारण तो पंधरा अक्षरी होता: रोमन लिपीत नवी मुंबईचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग वर्ष. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्ड डीईएस या जुन्या कूटपद्धतीने तपासला जातो आणि त्यासाठी त्याची फक्त पहिली ८ अक्षरं वापरली जातात. नवव्या अक्षरापासून पुढे काहीही लिहा, त्याला किंमत नाही. म्हणजे ॲट आणि वर्ष हिशेबातच नव्हते, शहराच्या नावाचीही शेवटची दोन अक्षरं गळालेली. उरलं होतं ते इथल्या कंपनीचा पासवर्ड ओळखायला बसलेला कोणीही आधी टाकून पाहील असं.

शिवाय पासवर्ड पार झाल्यावर पुढे पडदा, माउस, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर हे सगळं त्या मूळ प्रोटोकॉलमध्ये उघडंच वाहतं. हा प्रोटोकॉल २०११ साली आरएफसी ६१४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तावेजाच्या रूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या दस्तावेजातच स्पष्ट म्हटलं आहे की ही पासवर्डची तपासणी कमकुवत आहे आणि भरवशाच्या नसलेल्या नेटवर्कवर ती वापरण्यासाठी नाही. व्हीएनसीच्या नव्या आवृत्त्यांत टीएलएस (वाहतूक कूटबद्ध करण्याची पद्धत) आलं आहे, पण समोरच्या दोन्ही प्रोग्रामना ते येतं का, चालू आहे का, हे प्रत्येक वेळी तपासत बसण्यापेक्षा व्हीएनसी बाहेर न ठेवणंच बरं.

एक्सआरडीपी (लिनक्सवरून आरडीपी देणारा प्रोग्राम) त्या मानाने बरं आहे, ते टीएलएस वापरतं. पण ३३८९ उघडला की तुमच्या लिनक्स खात्याचा पासवर्ड विचारणारी खिडकी साऱ्या जगासमोर येते, आणि हे पोर्ट चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. त्यात एक्सआरडीपीचं सर्टिफिकेट सहसा मशीनने स्वतःच बनवलेलं असतं. विंडोज इशारा देतं, आपण सवयीने 'येस' दाबतो, आणि मध्ये कोणी बसलं आहे का हे कळायचा मार्ग आपल्याच हाताने बंद करतो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट. हे मशीन कंपनीचं आहे, त्यावरचा डेटा तुमच्या क्लायंटचा आहे. साहेबांकडून ईमेलवर परवानगी घ्या, आणि कंपनीचा व्हीपीएन आधीच असेल तर माझ्या उत्तरातला रस्त्याचा भाग सोडून द्या. त्या व्हीपीएनमधूनच जा. मशीनपर्यंत पोचल्यावर जे करायचं ते मात्र तसंच राहतं.

व्हीपीएन नसेल तर ऑफिसच्या लाइनला स्वतःचा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी आहे का, हे आधी विचारा. असेल तर राउटरवर फक्त एसएसएचचं पोर्ट तुमच्या मशीनकडे वळवून घ्यायचं. २२ ऐवजी दुसरा एखादा मोठा आकडा घेतला तर लॉगमधली गर्दी कमी होते. सुरक्षा त्याने वाढत नाही, पण लॉग वाचण्याजोगा राहतो हाही फायदाच. उबंटू २४.०४ मध्ये मशीनवरच पोर्ट बदलायचं असेल तर लक्षात ठेवा की तिथे एसएसएच सॉकेटमार्फत, म्हणजे पोर्टवर हाक आल्यावर, सुरू होतं. सिस्टमडीला (सेवा सुरू-बंद करणारा उबंटूचा भाग) डीमन-रीलोड देऊन एसएसएच-डॉट-सॉकेट पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा आकडा लागू होत नाही.

लाइन साध्या ब्रॉडबँडची असेल तर बहुतेक वेळा तुम्ही सीजीनॅटच्या मागे असता, म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही आणि राउटरवर काहीही वळवलं तरी बाहेरून हाक पोचणार नाही. मग वायरगार्ड, हा एक हलका व्हीपीएन. एक छोटं क्लाउड मशीन भाड्याने घ्यायचं, ऑफिसचं मशीन आणि तुमचा लॅपटॉप दोघांनीही आपणहून त्याच्याशी जोडून घ्यायचं. वायरगार्ड २०२० पासून, म्हणजे ५.६ पासून, लिनक्स कर्नेलमध्येच आहे, आणि ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला ते काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. ऑफिसच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर राउटर तो रस्ता थोड्या वेळाने विसरतो. टेलस्केलसारख्या तयार सेवा याच वायरगार्डवर उभ्या आहेत. कंपनीची हरकत नसेल तर त्या घ्या, सेटिंगचा अर्धा दिवस वाचेल.

आता किल्ली. एसएसएचचा जन्मच पासवर्ड चोरीतून झाला. १९९५ साली हेलसिंकीच्या टेक्नॉलॉजी विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपले, तेव्हा तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. विंडोज १० आणि ११ वर ओपनएसएसएच आलेलंच असतं. पॉवरशेल उघडून एसएसएच-कीजेन चालवा आणि प्रकार ईडी२५५१९ द्या. पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) विचारेल तेव्हा रिकामी सोडू नका. लॅपटॉप रिक्षात राहिला तर तुमच्या आणि कंपनीच्या मध्ये तेवढीच एक गोष्ट उरते. चार-पाच शब्दांचं, कुठे न छापलेलं, आपल्या घरातलं एखादं मराठी वाक्य रोमनमध्ये लिहा. लक्षातही राहतं आणि लांबही होतं.

कीजेन दोन फाइली बनवतं. डॉट-पब शेवट असलेली सार्वजनिक, ती कोणालाही द्या. दुसरी कधीही, कुठेही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. सार्वजनिक फाइल एका ओळीची असते, आणि ती ऑफिसच्या मशीनवर तुमच्या होममधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात ऑथराइज्ड-अंडरस्कोर-कीज या फाइलमध्ये टाकायची. लिनक्सवर हे काम एसएसएच-कॉपी-आयडी करतं, विंडोजवर ते मिळत नाही, म्हणून हाताने चिकटवावी लागते. मला येणारे निम्मे फोन इथलेच असतात. कॉपी करताना ओळ मध्येच तुटून दोन ओळी होतात, किंवा फोल्डरचे हक्क ढिले राहतात. फोल्डरला ७००, फाइलला ६००, आणि होम डिरेक्टरीत ग्रुपला लिहिण्याचा हक्क नको. यातलं काही चुकलं तर सर्व्हर किल्ली गुपचूप नाकारून पासवर्ड मागतो. लॅपटॉपवर त्याचं कारण दिसत नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं.

किल्ली चालली की पासवर्डचं दार बंद करा. सेटिंग चार: पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो, केबीडी-इंटरॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नो, परमिट-रूट-लॉगिन नो, आणि अलाउ-युजर्समध्ये फक्त तुमचं नाव. उबंटूत इथे एक खोच आहे आणि ती जाणत्या लोकांनाही चकवते. मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरातल्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएचडी एखाद्या सेटिंगची जी किंमत पहिली भेटेल तीच धरतं, शेवटची नाही. त्या फोल्डरात ५० क्लाउड-इनिट नावाची फाइल असेल आणि तिच्यात पासवर्डला 'येस' लिहिलेलं असेल, तर खाली मुख्य फाइलमध्ये तुम्ही लिहिलेला 'नो' वाचूनही न वाचल्यासारखा होतो. फाइल वाचून खात्री करू नका, सर्व्हरलाच विचारा: सुडो लावून एसएसएचडी उणे कॅपिटल टी. जे प्रत्यक्ष लागू आहे ते तो छापून देतो. हे सगळं करताना एक जोडलेलं टर्मिनल उघडंच ठेवा आणि तपासणी दुसऱ्या खिडकीतून करा. काही चुकलं तर परत आत शिरायला ती पहिली खिडकी असते.

आणि एक काम ऑफिसात बसूनच करायचं, घरून नाही. पहिल्यांदा जोडताना एसएसएच समोरच्या मशीनचा ठसा दाखवून विचारतं, हा ओळखीचा आहे का? लोक डोळे मिटून 'येस' लिहितात. सगळ्या सुरक्षेचा पाया त्या एका 'येस'वर आहे. ऑफिसच्या मशीनवर कीजेनला उणे एल उणे एफ देऊन, ईटीसी-एसएसएच फोल्डरातल्या होस्टच्या ईडी२५५१९ सार्वजनिक किल्लीचा ठसा काढा. एसएचए२५६ ने सुरू होणारा ठसा असलेली एक लांब ओळ येईल. ती कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा किंवा फोटो काढा. घरी पहिल्यांदा जोडताना अक्षर न् अक्षर ताडून पाहा, मग 'येस' म्हणा. पुढे कधी ठसा बदलल्याचा मोठा इशारा आला, तर मशीन नव्याने इन्स्टॉल झालं आहे का हे ऑफिसात फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दार झालं. आता डेस्कटॉप.

डेस्कटॉप दोन प्रकारे मिळतो आणि यातला फरक फार थोडे जण आधी सांगतात. एक, ऑफिसच्या मॉनिटरवर जे चालू आहे तोच पडदा घरी दिसणं. उबंटूच्या सेटिंगमधलं 'डेस्कटॉप शेअरिंग' हे करतं. त्यात तुम्ही कासारवडवलीत बसून जे काही उघडाल ते महाप्यात तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर सगळ्यांना दिसतं, आणि कोणीही येऊन तुमचा माउस हलवू शकतं. पडदा लॉक झाला की शेअरिंगही तुटतं. दुसरा प्रकार म्हणजे तुमच्यासाठी वेगळं सेशन, जे मॉनिटरवर उमटतच नाही. तिथे फक्त लॉगिनची पाटी राहते. तुमच्या कामाला हा दुसरा प्रकार हवा.

तो देणारे पर्याय बरेच आहेत: उबंटू २४.०४ मधलं ग्नोमचं (उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) स्वतःचं 'रिमोट लॉगिन', एक्सआरडीपी, टायगरव्हीएनसी, एक्सटूगो. एक्सटूगो पहिल्यापासून एसएसएचवरूनच चालतं आणि संथ लाइनवर चांगलं आहे, फक्त ग्नोमशी त्याचं जमत नाही. मी तुम्हाला एक्सआरडीपी आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सुचवेन. घरी विंडोजचा रिमोट डेस्कटॉप आहेच, वेगळं काही टाकायला नको. एक्सएफसीईत सावल्या, पारदर्शक खिडक्या, सरकते देखावे बंद करता येतात, आणि प्रत्येक बंद देखाव्यामागे लाइनवरून जाणारी चित्रं कमी होतात. होममध्ये डॉट-एक्ससेशन नावाची फाइल करून तिच्यात एक्सएफसीई४-सेशन एवढा एक शब्द लिहा. ग्नोमचं रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर ते आधी बंद करा, कारण दोघांनाही ३३८९ च हवा असतो.

मग या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. एक्सआरडीपी-डॉट-आयएनआय या फाइलमध्ये 'पोर्ट' पुढे नुसतं ३३८९ असतं. तिथे टीसीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा, १२७.०.०.१, कोलन, ३३८९ असं लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा. १२७.०.०.१ म्हणजे मशीन स्वतः. आता शेजारच्या टेबलावरचं मशीनसुद्धा तिथे पोचू शकत नाही. पाहायचं असेल तर एसएस ही आज्ञा उणे टीएलएन देऊन चालवा. ३३८९ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं पाहिजे. चार शून्यं किंवा नुसती चांदणी दिसली तर बदल लागू झालेला नाही. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करून फक्त एसएसएचला परवानगी द्या. ती दुसरी भिंत. पण चालू करण्याआधी एसएसएचची परवानगी लिहिली गेली आहे ना, हे पाहा.

घरून जोडायचं ते असं, मी फोनवर सांगतो तसंच लिहितो. पॉवरशेलमध्ये: एसएसएच, जागा, उणे कॅपिटल एन, जागा, उणे कॅपिटल एल, जागा, ३३९० कोलन १२७.०.०.१ कोलन ३३८९, जागा, तुमचं युजरनेम ॲट ऑफिसचा पत्ता. एसएसएचचं बाहेरचं पोर्ट बदललेलं असेल तर उणे छोटा पी आणि तो आकडा. याचा अर्थ: माझ्या लॅपटॉपवर ३३९० ला जे येईल ते एसएसएचच्या बोगद्यातून पलीकडे ने आणि तिथल्या १२७.०.०.१ च्या ३३८९ ला दे. पासफ्रेज दिल्यावर खिडकी नुसती गप्प बसेल. बिघडलं असं समजू नका, ती तशीच राहू द्या, तोच बोगदा आहे. मग रिमोट डेस्कटॉप उघडून पत्त्यात लोकलहोस्ट कोलन ३३९० लिहा. इथे ३३८९ मुद्दाम टाळला आहे. विंडोज त्या आकड्यावर स्वतःकडेच जोडायला निघालो असं समजून नकार देतं. बोगदा थोड्या वेळाने आपोआप तुटत असेल तर सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० करा.

रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जाऊन ड्राइव्ह आणि प्रिंटर यांवरच्या खुणा काढा. नाहीतर घरच्या लॅपटॉपची डिस्क ऑफिसच्या मशीनवर दिसू लागते, आणि कंपनीच्या फाइली घरी यायला आयता रस्ता होतो. फाइल आणायचीच असेल तर एसएफटीपीने, एकेक, परवानगीने.

पहिल्या दिवशी काळा पडदा येईल, किंवा खिडकी उघडून लगेच बंद होईल. शंभरातल्या बहुतेक वेळा कारण एकच असतं: संध्याकाळी निघताना तुम्ही नुसता पडदा लॉक केलात, लॉगआउट केलं नाहीत. एकाच नावाचे दोन ग्राफिकल सेशन एकमेकांच्या पायात येतात. निघताना लॉगआउट करा. पण मग तुमचा ओपनफोमचा रन? तो टीमक्समध्ये (खिडकी बंद झाली तरी काम चालू ठेवणारं टर्मिनल) सुरू केलात तरी धोका आहे, आणि हे मला एका रात्रीचं काम वाया गेल्यावर कळलं. ग्नोमच्या टर्मिनलमधून सुरू केलेला टीमक्स तुमच्या युजर-सर्व्हिसच्या खाली जगत असतो, आणि शेवटचं सेशन संपलं की सिस्टमडी ती सगळी शाखाच छाटतो. लॉगिनसीटीएलला 'एनेबल-लिंगर' आणि तुमचं नाव एकदा द्या. मग लॉगआउट केलं तरी रन चालू राहतो. घरून मात्र काम संपल्यावर लॉगआउटची गरज नाही. रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद करा, पुन्हा जोडल्यावर सगळं होतं तिथेच सापडेल.

व्हीएनसी हवंच असेल तर बोगदा तोच, फक्त आकडा ५९०१. टायगरव्हीएनसीला 'लोकलहोस्ट' हा पर्याय द्यायला विसरू नका. मराठीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: मूळ व्हीएनसीच्या क्लिपबोर्डला फक्त लॅटिन अक्षरं येतात. घरून देवनागरी मजकूर कॉपी करून तिकडे पेस्ट केला की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. टायगरव्हीएनसी १.१० पासून, दोन्ही टोकांना तेच असेल तर, हा त्रास गेला. एक्सआरडीपीत तो येत नाही. टाइप करायला मात्र दोन्हींत एकच पद्धत ठेवा: लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवर, आणि मराठी इनस्क्रिप्ट पलीकडच्या मशीनवर आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत. दोन्हीकडे मराठी लावलं की अक्षरं भलतीच येतात.

एकच खिडकी हवी असेल तर एसएसएच उणे कॅपिटल एक्स हा जुना मार्ग आहे, पण एक्स या लिनक्सच्या खिडक्या दाखवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक लहान गोष्टीसाठी इकडून तिकडे निरोपांची ये-जा होते. ऑफिसच्या लॅनवर ठीक, घरच्या वायफायवरून मेनू उघडायलाही वाट पाहावी लागते. उणे कॅपिटल वाय लावा असं कोणी सुचवलं तर हेही जाणून घ्या, की त्यात पलीकडच्या प्रोग्रामला तुमच्या इथल्या इतर एक्स खिडक्यांत टाइप केलेलंही वाचता येतं.

आता पॅराव्ह्यू, कारण तुमची खरी गरज तीच आहे. एक्सआरडीपीच्या सेशनमध्ये त्रिमितीय चित्र सहसा ग्राफिक्स कार्डावर बनत नाही, प्रोसेसरवर बनतं. मोठी मेश (गणितासाठी आखलेली जाळी) फिरवताना पडदा अडखळेल आणि तुम्हाला वाटेल लाइन वाईट आहे. व्हर्च्युअलजीएल लावून कार्ड वापरता येतं, पण तुमच्या बाबतीत त्याहून सोपा रस्ता आहे. पॅराव्ह्यू मुळातच दोन भागांत चालू शकतो. ऑफिसच्या मशीनवर पीव्हीसर्व्हर सुरू करा. तो ११११ नव्हे, पाच एकांच्या पोर्टवर, म्हणजे ११,१११ वर थांबतो. त्याच एसएसएच आज्ञेत आणखी एक उणे कॅपिटल एल लावून तो आकडाही बोगद्यातून आणा. घरच्या लॅपटॉपवर पॅराव्ह्यू उघडून लोकलहोस्टला जोडा. डेटा महाप्यातच राहतो, जड काम तिथेच होतं, घरी येतं ते चित्र किंवा हलकी भूमिती. बटणं, मेनू सगळं लॅपटॉपचं स्वतःचं, त्यामुळे हाताला चटकन लागतं. अट एकच, दोन्हीकडे पॅराव्ह्यूची आवृत्ती तंतोतंत एक हवी. आणि पीव्हीसर्व्हर कोणाला ओळख विचारत नाही, म्हणून वर सांगितलेली यूएफडब्ल्यूची भिंत इथे खरी कामाला येते. सवय झाल्यावर पूर्ण डेस्कटॉप तुम्ही फार कमी वेळा उघडाल असा माझा अंदाज आहे.

राहिलं मशीन जागं ठेवणं. एसएसएचवर तुम्ही काम करत असलात तरी समोरचा कीबोर्ड हलत नाही म्हणून डेस्कटॉप मशीनला झोपवू शकतो. सिस्टमसीटीएलने स्लीप आणि सस्पेंड ही दोन्ही टार्गेट 'मास्क' करून टाका. महावितरणचा शटडाऊन आणि यूपीएसची बॅटरी संपणं हे पावसाळ्यात ठरलेलंच, म्हणून बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग लावा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, आणि अशा मशीनची असावी, तर चालू झाल्यावर ती पासफ्रेज मागत थांबते आणि तोवर नेहमीचं एसएसएच सुरूच होत नाही. त्यासाठी ड्रॉपबेअर-इनिटरामएफएस आहे. ते बूटच्या आधी छोटं एसएसएच उघडून घरून पासफ्रेज द्यायची सोय करतं. त्यालाही वेगळी किल्ली आणि वेगळा ठसा असतो, तोही त्याच कागदावर लिहा.

हे सगळं झाल्यावर घरी जाऊन तपासू नका. ऑफिसातच, जेवणाच्या सुट्टीत, लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवरून काढून स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. आता तुम्ही बाहेरच्या झालात. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, ऑफिसचा पत्ता आणि पोर्ट देऊन दोनदा चालवा. एसएसएचच्या आकड्याला 'ट्रू' आलं पाहिजे, ३३८९ ला 'फॉल्स'. रस्ता वायरगार्डचा असेल तर ऑफिसच्या बाहेरच्या आयपीवर दोन्हींना 'फॉल्स', आणि वायरगार्डच्या पत्त्यावर एसएसएचला 'ट्रू', ३३८९ ला 'फॉल्स'. मग बोगदा काढून डेस्कटॉप उघडा, एक लहान रन टीमक्समध्ये सुरू करा, खिडकी बंद करा, पुन्हा जोडा. ३३८९ ला 'ट्रू' आलं, तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना तिथल्या तिथे बोलवा आणि ते बंद झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच घणसोली स्टेशनकडे निघा.